लाल टोपणाची सुई

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत कस्तुराबाई आणि कडूबा एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळाला पाणी कधी सुटणार याची खबर लागली की शेजारीण आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कस्तुराबाईला सांगायची आणि मग पुढं येऊन ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या कडूबालाही तेच सांगायची. नवरा-बायको एका छपराखाली राहत होते, पण एकाच्या कानावर घातलेलं दुसऱ्यापर्यंत पोचेल याची काही खात्री नव्हती.

भांडण म्हणावं तर तसंही नव्हतं, कारण भांडायला तोंड उघडावं लागतं. कस्तुराबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची, कडूबाचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि आपलं घेऊन मागच्या दारात बसायची. भाजीत मीठ कमी वाटलं की कडूबा मिठाचा डबा काढायचा आणि झाकण मुद्दाम उघडं टाकायचा. ते झाकण ती असं दाबून लावायची की बाहेरच्या खोलीत त्याला ऐकू जावं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला की ती मिक्सर लावायची. चार वर्षं असं चाललं होतं आणि दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती की पाहुण्यालाच काय ते अवघडल्यासारखं व्हायचं.

कस्तुराबाईचं माहेर सिल्लोडच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरचं. बाप लवकर गेला. आईनं, गीताबाईनं, मेंढरं राखून कस्तुरा आणि तिचा धाकटा भाऊ सांडू अशी दोन लेकरं वाढवली. आजारी कोकरू गुडघ्यांत कसं धरायचं, औषध गालाच्या कडेनं कसं सोडायचं, सुई कुठल्या सैल कातडीत घालायची, हे सगळं कस्तुरा आईच्या हाताखाली शिकली. लग्न होऊन ती शहरात आली. कडूबा आधी चिकलठाण्याला आणि मग शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला, घर झालं, दीपमाला झाली. या सगळ्या वर्षांत कस्तुराबाईनं नवऱ्याजवळ हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. आईला बरं नाही असा निरोप आला की त्याच दिवशी गाडीला बसायचं.

आणि नेमकं तिथंच कडूबानं तिला फसवलं. दीपमालाची सुपारी फुटायची होती त्या सकाळी नाशिकचे पाहुणे दारात आले होते, कस्तुराबाई नव्या लुगड्यात पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती, आणि सांडूचा फोन कडूबाच्या मोबाईलवर आला. गीताबाई पहाटेच गेली होती. कडूबानं फोन ऐकला, खिशात ठेवला आणि पाहुण्यांना टोप्या-टॉवेल द्यायला बसला. सुतक लागलं तर सुपारी मोडेल, पाहुणे अपशकुन धरतील, पुन्हा हे स्थळ यायचं नाही, असा त्याचा हिशेब. सांडूला त्यानं सांगितलं की आमची वाट पाहू नका, उरकून घ्या. जेवणावळ झाली, पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर गेली, तेव्हा कुठं त्यानं बायकोला सांगितलं. ती वाडीवर पोचली तर चितेवर राखच होती. सांडू रडत म्हणाला, अक्का, मी तर सकाळीच सांगितलं होतं. त्या वाक्यानंतर कस्तुराबाई नवऱ्याशी बोलली नाही. लेकीच्या लग्नात अंतरपाटाजवळ उभी राहिली, मंगलाष्टकांच्या अक्षता टाकल्या, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

दीपमाला सासरी गेली आणि तिचा बोका मागं राहिला. भुऱ्या त्याचं नाव. राखाडी अंगाचा, थोराड डोक्याचा, दीपमालानंच ऑपरेशन करून आणलेला, त्यामुळं घर सोडून कुठं न जाणारा. लेक गेल्यावर कस्तुराबाईनं त्याला दूध-पोळी, बिस्किटं, साय असं खाऊ घालून घालून पार उशीसारखा केला. कडूबाला तो डोळ्यांसमोर नको असायचा. खुर्चीवर बसलेला दिसला की तो खुर्चीच तिरपी करायचा.

मग एका उन्हाळ्यात भुऱ्या पाणी प्यायला लागला. आठवड्यानं नळ येणारं गाव, पिंप भरून झाकून ठेवलेलं, आणि हा बोका वाटी चाटून झाली की बादलीत तोंड घालायचा, मोरीतलं साचलेलं प्यायचा. त्याच्या वाळूच्या टोपल्यात ढेकळंच्या ढेकळं निघायला लागली. खायचा दुप्पट, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. शेवटी तो मागचे पाय टाचेवर टेकवून, बसल्या बसल्या सरकल्यासारखा चालायला लागला, तेव्हा कस्तुराबाईनं त्याला कापडी पिशवीत घातलं आणि रिक्षा करून गारखेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, श्रेया नावाची. तिनं रक्त काढलं, लघवी तपासली आणि सांगितलं की बोक्याला शुगर आहे, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल. ही खबर कस्तुराबाईनं घरी येऊन फोनवर लेकीला सांगितली. बाहेरच्या खोलीत कडूबा होता. त्याला स्वतःला दहा वर्षांपासून शुगर, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यायचा. तो टीव्हीकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "झालं. आता माझ्या पंक्तीला मांजर बसवलं." बोलला तो टीव्हीशी, म्हणून तिनं ऐकलं नाही असं धरलं.

सुई टोचायला कस्तुराबाईला शिकवावं लागलं नाही. मानेमागची, कुशीवरची कातडी चिमटीत उचलून ती अशी टोचायची की भुऱ्या वाटीतून तोंडही वर काढायचा नाही. श्रेया मॅडमनी बाकीचं दोन-दोनदा समजावलं होतं. आधी खाऊ द्या, मग सुई. खाल्लं नाही, उलटी केली, तर सुई न देता मला फोन करा. बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. दिलं की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. एक वेळ चुकली तर बोका मरत नाही, दोनदा गेली तर मरू शकतो. आणि ही बाटली आहे शंभरच्या ताकदीची, तिला नारंगी टोपणाचीच सुई. दोन युनिट, म्हणजे दोन बारीक रेषा. पोळी, दूध, बिस्किटं बंद करून उकडलेली कोंबडी आणि मांजराचं खाणं सुरू झालं. कस्तुराबाईनं सगळं मनात ठेवलं. एवढंच की नारंगी टोपण हा कंपनीचा रंग असेल, असं तिनं धरून चाललं.

पावसाळाभर नीट गेलं. भुऱ्याचं पाणी कमी झालं, टाचा पुन्हा उचलल्या. फ्रीजच्या दारात आता दोन बाटल्या होत्या, वरच्या खणात कडूबाची, खालच्यात बोक्याची. कडूबाच्या सुया कपाटावरच्या डब्यात असायच्या, लाल टोपणांच्या. दोघं एकाच वेळी आपापलं इन्सुलिन काढायला आले की एक जण मागं थांबायचा आणि दुसरा मुद्दाम वेळ लावायचा.

मग नारंगी सुया संपल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं उद्या देतो म्हणून सांगितलं आणि उद्या पुन्हा तेच. सकाळी भुऱ्या खाऊन तोंड पुसत बसला होता. कस्तुराबाईनं थोडा विचार केला, आणि चार वर्षांत ज्या डब्याला हात लावला नव्हता तो काढला. सुई तर सुईच, तिला वाटलं, आणि दोन रेषा म्हणजे दोन रेषा. तिनं लाल टोपण काढलं, दोन रेषांपर्यंत औषध ओढलं.

कडूबा दारात उभा होता. तो म्हणाला, "ती सुई माझी हाय."

घरात तिला उद्देशून उच्चारलेले ते त्याचे चार वर्षांतले पहिले शब्द. कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एका सुईसाठी या माणसानं तोंड उघडलं. आई मेल्याचं सांगायला उघडलं नाही, ते सुईसाठी उघडलं. तिनं वळून पाहिलं नाही. भुऱ्याची कातडी उचलली आणि टोचली. कडूबा थोडा वेळ तिथंच थांबला. मग चपला पायात सरकवून ओट्यावर जाऊन बसला.

दुपार व्हायच्या आत भुऱ्या कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. हाक मारली तर उठला आणि दारुड्यासारखा एका अंगाला झुकत चालायला लागला. डोळे ताठ, बाहुल्या मोठ्या. मग तो आडवा पडला आणि त्याचा जबडा आपोआप हलायला लागला. कस्तुराबाईनं त्याला मांडीवर घेतलं. कोकराला विषारी पाला लागला की असं होतं एवढंच तिला माहीत होतं, पण हा तर घराबाहेर गेला नव्हता. ती त्याला नावानं हाका मारत राहिली.

कडूबा आत आला. त्यानं बोक्याकडं पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा एका हातात मधाची बाटली होती आणि दुसऱ्यात त्याचं स्वतःचं शुगर मोजायचं यंत्र. तो गुडघ्यावर बसला. कस्तुराबाईनं बोक्याला आपल्याकडं ओढलं.

"सोड," तो म्हणाला. "शुगर पडलीय त्याची. माझी पडती तवा मी असाच होतो."

त्यानं बोटावर मध घेतला आणि भुऱ्याच्या हिरड्यांना चोळला. ती वाटीत मध-पाणी करून तोंडात घालायला निघाली तर त्यानं तिचा हात झटकला, घशात जाईल, ठसका लागून मरेल म्हणाला. नुसतं हिरड्यांना लावायचं. मग त्यानं बोक्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचलं, थेंब यंत्राला लावला. यंत्रावर आकडाच आला नाही. मोजता येईल त्याच्याही खाली होतं. कस्तुराबाई उठली आणि टॉवेल घेऊन आली. दोघं गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंत पळतच गेले. रिक्षात ती बोक्याला धरून बसली आणि तो दर थोड्या वेळानं बोटावर मध घेऊन चोळत राहिला. रिक्षावाला आरशातून बघत होता.

श्रेया मॅडमनी पायाची नस शोधून ग्लुकोजचं सलाईन लावलं. जबड्याची हालचाल थांबली, मग डोळे नरमले, मग भुऱ्यानं शेपटीचं टोक हलवलं. तेव्हा डॉक्टरनी विचारलं, आज नेहमीपेक्षा वेगळं काय झालं, खाल्लं होतं का, दोनदा सुई दिली गेली का. कस्तुराबाई म्हणाली, नाही, दोनच रेषा दिल्या, रोजच्यासारख्या.

कडूबानं शर्टाच्या खिशातून लाल टोपणाची सुई काढून टेबलावर ठेवली. निघताना त्यानं ती मोरीजवळून उचलून आणली होती.

डॉक्टरनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. लाल टोपणाची सुई चाळीसच्या औषधाला असते, त्या म्हणाल्या, तिची रेष मोठी. शंभरचं औषध त्या सुईत दोन रेषा भरलं तर दोन नाही, पाच युनिट जातात. कस्तुराबाई ऐकत होती. मग ती हळूहळू नवऱ्याकडं वळली आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहून बोलली.

"तुम्हाला म्हाईत व्हतं."

"मी सांगितलं व्हतं."

"तुम्ही म्हणलात, सुई माझी हाय."

"तू इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आई मेली तवाबी मी इचारलं नव्हतं," कस्तुराबाई म्हणाली. "म्हून नाय का सांगितलं?"

सलाईनची नळी धरून उभा असलेला मदतनीस खाली बघायला लागला. कडूबाच्या कपाळाची शीर फुगली. तो म्हणाला की सांगितलं असतं तर पोरीची सुपारी मोडली असती. ती म्हणाली, मोडली असती तर दुसरी फुटली असती, आई दुसरी मिळाली असती का. तो दाराकडं गेला आणि पाठमोराच म्हणाला, "सकाळी दारात उभा व्हतो तवा मनात आलं, मरू दे. तिचं एक तरी जाऊ दे. मग बसवलं नाय बाहेर."

त्यानं हे कशासाठी सांगितलं, कस्तुराबाईला कळलं नाही. माफी नव्हती त्यात. तिनं मनात एवढंच नोंदलं की हा माणूस खरं बोलला, आणि खरं बोलल्यानं तो तिला आधीपेक्षा जास्त नकोसा झाला.

भुऱ्याला दिवसभर दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी न्यायला दोघं आले, वेगवेगळे, ती रिक्षानं आणि तो चालत. श्रेया मॅडमनी दोघांना एकाच बाकावर बसवलं. त्यांचं बोलणं कडक होतं. एका घरात दोन रोगी, दोन बाटल्या, दोन ताकदी, आणि माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तर हे पुन्हा होणार. बाटल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. नारंगी सुया संपायच्या आत आणा, आणि नाही मिळाल्या तर दुसरी वापरू नका, मला फोन करा. सुई देणारं माणूस एकच, आणि दिली की दुसऱ्याला तोंडानं सांगायचं. "तुमचं घरातलं काय आहे ते तुमचं तुम्ही बघा काका," त्या म्हणाल्या, "पण बोक्यापुरतं बोलावंच लागेल."

म्हणून ते बोलायला लागले, आणि ते बोलणं गप्प राहण्याहून वाईट होतं.

कडूबानं कंपनीत असताना माल तपासायचं काम केलेलं, त्यामुळं त्याला चौकशीची सवय. सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात हात मागं बांधून उभा राहायचा. खाल्लं का. किती खाल्लं. कुठली सुई. दाखव. ती सुई उजेडात धरायची, इतकी त्याच्या डोळ्यांजवळ की त्याला मान मागं घ्यावी लागायची. "दोन," ती म्हणायची, "का चष्मा आणू?" कानातून रक्त घेऊन आकडा बघायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं, कारण यंत्र त्याचं होतं. आकडा जास्त आला की तो विचारायचा, काय चारलं. ती म्हणायची, तुम्ही रात्री चोरून बालूशाही खाता तिचा वास लागला असंल त्याला. कान टोचताना भुऱ्या गुरगुरायचा आणि ती म्हणायची, ओळखतो तो माणसं.

दिवाळीनंतर सांडूच्या घरी आईचं दरसालचं श्राद्ध होतं. कस्तुराबाई एकटीच वाडीवर गेली. कडूबाला कुणी ये म्हटलं नाही. जाताना तिनं सुई, बाटली, कोंबडी सगळं त्याच्या पुढ्यात आदळून ठेवलं. संध्याकाळी वाडीवर पंगत बसली होती आणि तिचा मोबाईल वाजला. नवऱ्याचं नाव त्यावर उमटलेलं पाहून सांडूसुद्धा थबकला.

कडूबा म्हणाला की मघाशी शेजारचा माणूस दारावर आला, तेवढ्यात गोंधळ झाला. सुई रिकामी कचऱ्यात दिसतीय, पण ती आत्ताची की सकाळची, आणि टोचली की कोंबडीवर सांडली, त्याला आठवत नाही. बोका तर खाऊन बसलाय.

"मग देऊ नका," कस्तुराबाई म्हणाली.

"शुगर चढंल त्याची."

"चढू द्या. उद्या सकाळी बघू. शंका असली का द्यायचं नाय, बाईंनी सांगितलं न्हवं. दुसऱ्यांदा टोचलं तर मी घरात पाय ठेवायची नाय, इथंच राहीन."

"नाय देत," तो म्हणाला. "तिकडं झालं का समदं नीट?" तिनं फोन बंद केला, हात धुतला आणि पंगतीत वाढायला गेली. सांडूनं विचारलं तर म्हणाली, मांजराचं काम होतं.

सकाळी पहिल्या एसटीनं ती परतली. भुऱ्या ठीक होता. कडूबा ओट्यावर, न झोपलेल्या डोळ्यांनी बसला होता. त्यानं तीनदा कान टोचून आकडे बघितले होते. ती त्याच्या शेजारून आत गेली आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, की कान चाळणीसारखा केला मुक्या जनावराचा.

हिवाळ्यात आकडे उतरायला लागले. श्रेया मॅडमनी आधी दोन युनिटांचं एक केलं, मग काही दिवस एकच वेळ, मग म्हणाल्या की काही मांजरांची शुगर अशी माघार घेते, आता सुई बंद करून बघू. खाणं तेच ठेवा, वजन बघत राहा, अधूनमधून मोजत राहा, पुन्हा पाणी प्यायला लागला तर लगेच या. कस्तुराबाईनं नारंगी सुयांचं उरलेलं पाकीट कपाटात मागं सारलं.

मग घर पुन्हा गप्प झालं. सुई नाही तर विचारायचं काय. सकाळी ती कोंबडी कुस्करून वाटी ठेवायची, बोका खायचा, आणि स्वयंपाकघराचं दार रिकामं असायचं. तिला बरं वाटायला हवं होतं. पहिले दोन-चार दिवस वाटलंही. नंतर तिच्या लक्षात आलं की ती वाटी ठेवल्यावर थोडा वेळ उगाच उभी राहते.

संक्रांतीच्या आसपासची सकाळ होती. ती तीळ भाजत होती. मागं चपलांचा आवाज आला आणि दारात थांबला.

"खाल्लं का त्यानं?" कडूबानं विचारलं.

कस्तुराबाईनं कढईतलं उलथनं थांबवलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं पोह्यांवर पेरलेली कोथिंबीर आली, राख आली, सांडूचा चेहरा आला. या माणसाला ती या जन्मी माफ करणार नव्हती. तो बोक्यासाठी मध घेऊन धावला होता म्हणून त्यात काही बदल व्हायचा नव्हता, आणि हे त्यालाही माहीत असावं.

"सुई बंद झालीय," ती म्हणाली. "आता तुम्हाला काय करायचंय?"

"इचारलं नुसतं."

"खाल्लं," कस्तुराबाई म्हणाली. "अन् दारातून व्हा बाजूला, उजेड अडतोय माझा."

तो बाजूला झाला.